सूनबाई म्हणाली म्हणून

सासऱ्यांनी स्वतःहून तिच्यासाठी चहा केला, तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली.

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. दुकानदाराच्या तराजूखाली हात घालून काही चिकटवलंय का ते बघायचं, पेट्रोलपंपावर जाऊन माप लावायचं, आणि समोरचा माणूस लबाड आहे असं धरूनच बोलायला सुरुवात करायची. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नव्हती. बाजारातून भाजी आली की आधी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायची, मग टोपलीत जायची. असा माणूस सुनेपुढे कपबशी ठेवून "दमलीस ना?" असं विचारतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं तिला वाटलं.

ती मोठ्या बँकेत होती. बाकीच्या बँका जिच्याकडून पैसे घेतात आणि देशातलं व्याज महाग करायचं की स्वस्त हे जिथे ठरतं, ती बँक. ठरवण्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिच्या विभागात गावोगावचे भाव यायचे. बटाटे, साबण, घरभाडं, बसचं तिकीट. ते तपासायचे, चुकले असतील तर परत विचारायचे, आणि वर पाठवायचे. वर काय शिजतं ते तिलाही बातम्यांतच कळायचं. पण भाव चढत असले की व्याज वाढण्याची शक्यता असते, एवढं कुणीही जोडू शकतं. म्हणून व्याजदराची बैठक जवळ आली की विभागात ताकीद असायची, बाहेर एक शब्द बोलायचा नाही. घरीसुद्धा. ती हे इतकं मनावर घ्यायची, की त्या दिवसांत तिला घरी कुणी "बटाटे कसे मिळाले?" असं विचारलं तरी ती दचकायची.

आणि सासरे शेअरबाजारात बुडालेले असायचे. सकाळी फिरून आले की कॉलनीच्या बागेत दोन जणांबरोबर बाकावर बसायचे. एक औषधाचं दुकान असलेले गृहस्थ, सगळे त्यांना औषधवाले काका म्हणायचे, आणि दुसऱ्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. तिघं मिळून कंपन्यांची उणीदुणी काढायची. घरी आल्यावर सासरे तेच सासूबाईंना समजावून सांगायचे. सासूबाई शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत असायच्या, आणि ऐकत नसायच्या.

"हे बघ," ते म्हणायचे, "व्याज स्वस्त झालं की लोक कर्ज काढतात. कर्ज काढलं की घर घेतात. घरं खपली की बिल्डर खूश, सिमेंटवाला खूश, लोखंडवाला खूश. सगळ्यांचे शेअर वर. व्याज महाग झालं की हीच माळ उलटी."

"तो दोरा द्या इकडे," सासूबाई म्हणायच्या.

चहानंतर तिला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. ती घरात शिरली की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. सासरे तिचं तोंड न्याहाळायचे, अगदी काट्याची सुई स्थिर व्हायची वाट बघावी तसे. एकदा तर ती चप्पल काढत असताना ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तू काळजी करू नकोस. सगळं आमच्या पोटात राहील."

"काय राहील पोटात?" तिनं विचारलं.

ते नुसते हसले आणि आत गेले.

खोकल्याचं औषध आणायला ती काकांच्या दुकानात गेली, तर काका पैसेच घेईनात. "राहू द्या हो. तुमच्याकडून काय घ्यायचे!" तिनं पैसे काउंटरवर ठेवले आणि बाहेर पडली. रस्त्याच्या पलीकडून डॉक्टरीणबाईंनी हात हलवला. एवढी वर्षं त्या तिला ओळखही देत नव्हत्या.

रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "बाबा माझ्यावर लक्ष ठेवतात."

नवरा एका मोठ्या दुकानात व्यवस्थापक होता. नळ, बेसिन, फरशा असं न्हाणीघराचं सगळं सामान. तो मोबाइल बघत होता. "छे गं. बाबांना म्हातारपणी माया फुटलीय."

"माझी पर्स कुणीतरी उघडतं असं वाटतं मला."

"तुला कामाचा ताण झालाय," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. पण तिचं सगळं लक्ष सासऱ्यांवर होतं, त्यामुळे ते तिच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं पर्सला बारकं कुलूप लावलं. आत डब्याचा चमचा आणि छत्री, दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात सरकारनं नवी घोषणा केली. पहिलं घर घेणाऱ्याला करात मोठी सूट, आणि जागोजागी स्वस्त घरांच्या वसाहती. बाजार उसळला. बांधकाम कंपन्यांचे शेअर रोज चढत होते. टीव्हीवरची माणसं सांगत होती की सरकारनं एवढं मनावर घेतलंय, आता मोठी बँकही व्याज उतरवणार, सरकारला नाही कोण म्हणेल?

ती विभागात बसून भाव तपासत होती. सिमेंट चढलं होतं. मजुरी चढली होती. भाडं, दूध, बस, सगळंच चढलं होतं, आणि सरकार त्यात आणखी पैसा ओतणार होतं. तिला काय वाटत होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. घरी ती आणखीच गप्प झाली. सासरे मात्र खुशीत होते. जेवताना त्यांनी तिला स्वतः वाढलं.

बैठकीच्या दिवशी मोठ्या बँकेनं व्याज पाव टक्क्यानं वाढवलं. अध्यक्षांनी टीव्हीवर येऊन सांगितलं, भाव आवरायचे आहेत, बाजारात पैसा आधीच भरपूर आहे. एवढ्या चार वाक्यांवर बांधकाम कंपन्यांचे शेअर जे आपटले, ते दोन दिवस आपटतच राहिले.

बैठकीच्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टीव्ही बंद होता. सासरे पाठमोरे खिडकीशी उभे होते.

"सूनबाई, एकच विचारतो," ते वळून म्हणाले. "मला का फसवलंस?"

"मी?"

"सांगायचं नव्हतं तर सांगायचं नाही. मी काही तुझ्या मागे लागलो नव्हतो. पण कमी होणार असं सांगून वाढवायचं? मुदतठेव मोडली मी. काकांनी दुकानाच्या दुरुस्तीचे पैसे घातले. डॉक्टरीणबाईंचंही तेच. मी त्यांना तुझ्या भरवशावर..."

"बाबा, मी तुम्हाला कधी काय सांगितलं?"

"जाऊ दे," ते म्हणाले. "शब्द दिलाय मी."

"कुणाला?"

ते आत निघून गेले. ती तिथेच उभी राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. यांनी आपल्या वस्तू चाळल्या, तोंडावरून काहीतरी ताडलं, ते चुकलं, आणि आता खापर माझ्या डोक्यावर. शब्द दिलाय म्हणे! संशयाचं खातं चालवता चालवता माणूस स्वतःच लबाडी शिकला.

नवरा उशिरा आला. त्याला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नुकसान झालंय, डोकं फिरलंय त्यांचं. तू वाढवू नकोस." आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

दोन दिवसांनी तिला दक्षता अधिकाऱ्यांनी बोलावलं. बँकेत कुणी गडबड केली तर चौकशी करणारं हे खातं, पार वरच्या मजल्यावर, आणि तिथे जाणाऱ्याकडे लिफ्टमधले लोक बघतात. अधिकारी मृदू बोलणारे होते. त्यांनी तिला पाणी दिलं.

"एक फोन आला होता," ते म्हणाले. "नाव सांगितलं नाही. भावांच्या विभागातली एक बाई घरच्यांना आतल्या बातम्या देते, आणि त्यावर शेअरचे व्यवहार होतात, असं म्हणणं आहे. तुमचे सासरे व्यवहार करतात, हे तुम्ही आधीच कळवलेलं आहे. आणखी काही कळवायचंय?"

"मी घरी कामाचं अक्षर बोलत नाही."

"मग बाहेर तुमचं नाव कसं गेलं?"

"मला माहीत नाही."

"संशय कुणावर?"

सासऱ्यांचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. फोनही त्यांनीच केला असेल, असं तिला त्या क्षणी खरंच वाटत होतं. पण ते नाव या खोलीत एकदा उच्चारलं की परत घेता येणार नाही. "घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी मान हलवली. "विचारा. आणि आतलं कुणी खोटं पसरवत असेल तर तेही आम्हाला हवंय. चुकीची बातमी सोडून पैसे करणारेही असतात. त्यामुळे अंदाज चुकला म्हणजे तुम्ही सुटलात, असं समजू नका."

घरी येताना ती काकांच्या दुकानावरून गेली. काका मान खाली घालून गोळ्या मोजत होते. ती समोर उभी आहे हे त्यांना दिसलं होतं.

घरात सगळे होते. सासूबाई शिवत होत्या, सासरे पेपर घेऊन बसले होते, नवरा सुट्टीचा म्हणून लोळत होता. तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच विचारलं, "बाबा, बँकेत फोन तुम्ही केलात?"

"कसला फोन?"

तिनं सांगितलं. सांगताना आवाज चढला. "माझी नोकरी जाईल. कदाचित पोलीससुद्धा येतील. तुम्ही माझ्या पर्समध्ये काय शोधत होतात?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पर्समध्ये? मी? अगं, लोकांच्या गल्ल्याशी उभा राहून नोकरी केली मी, कधी एका नाण्याला हात लावला नाही. आणि तुझी पर्स? तूच सांगून पाठवत होतीस, आणि आता उलटतेस?"

"कुणाबरोबर सांगून पाठवलं मी?"

शिवणयंत्र थांबलं.

"त्याला विचार," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. गरजही नव्हती, कारण नवरा तेवढ्यात उठून बसला होता आणि चप्पल शोधत होता.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणी मास्तरांनी शाबासकी दिली म्हणून खोटं सांगायचास, तेव्हाही असाच चप्पल शोधायचास."

तो बसला. मग म्हणाला, "मी काही वाईट हेतूनं केलं नाही."

"काय केलंस?" तिनं विचारलं.

"दुकानात बिल्डर येतात. ऑर्डरी वाढतात, कमी होतात. मला त्यावरून अंदाज येतो. आधीच्या दोन बैठकांच्या वेळी मी बाबांना सांगितलं, व्याज आहे तेवढंच राहणार, घ्या शेअर. दोन्ही वेळा बरोबर आलं. यावेळी कमी होणार म्हणालो, ते चुकलं." तो थांबला. "फक्त ते तू म्हणालीस, असं सांगितलं."

"मी?"

"माझं म्हणून सांगितलं असतं तर बाबांनी पेपरसुद्धा खाली ठेवला नसता! बत्तीस वर्षांत कधी विचारलं त्यांनी मला, तुला काय वाटतं म्हणून? तू म्हणालीस म्हटल्यावर मला शेजारी बसवून घ्यायला लागले. रोज. कंपन्यांबद्दल बोलायला लागले. मी सांगितलं होतं, तिच्यासमोर विषय काढू नका, तिची नोकरी जाईल. ते कबूल झाले."

म्हणजे चहा यासाठी होता. टीव्हीचा कमी केलेला आवाज, पोटात राहणारं सगळं, काकांनी न घेतलेले पैसे, हे सगळं तिच्या नावाचं भाडं होतं, आणि ते नाव कुणीतरी दुसरंच वापरत होतं. ज्या माणसाला तिनं आपला संशय विश्वासानं सांगितला, तोच.

सासरे मुलाकडे बघत होते. "म्हणजे ते पहिले दोन अंदाज तुझे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग होता, पण रागाच्या खाली थोडंसं कौतुक होतं, आणि ते ऐकून ती आणखीच पेटली.

"तुझे अंदाज तुझ्या नावावर विक ना!" ती नवऱ्याला म्हणाली. "माझं नाव काय तुमच्या दुकानातला शिक्का आहे, कुठल्याही फरशीवर मारायला?"

"चुकलं माझं."

"आणि तुम्हीही, बाबा. जगाची मापं तपासलीत. एकदा मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?" सासरे म्हणाले. "तुला खरं काय ते माहीत होतं?"

"भाव चढलेत, एवढं माहीत होतं. ते तर आईंनाही माहीत होतं. तुम्ही भाजी वजन करून घेता, पण केवढ्याला आली ते कधी विचारत नाही."

सासूबाईंनी यंत्राचं चाक हातानं फिरवलं आणि अडकलेला दोरा सोडवला.

नवरा तिच्या मागोमाग खोलीत आला. "अधिकाऱ्यांना हे सांगायलाच हवं का? बाबांनी तुझ्या गप्प राहण्यावरून ओळखलं, असं म्हटलं तर? दुकानात कळलं तर माझी काय पत राहील?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांच्या संसारात हा माणूस आपल्याला खोटं सांगत नाही असं ती धरून चालली होती. विचार करून नव्हे, सवयीनं. "उद्या तू माझ्याबरोबर येतोस," ती म्हणाली. "आणि तुझ्या तोंडानं सांगतोस. नाहीतर मी सांगते, आणि मग परत इथे येत नाही."

तो आला. लिफ्टमध्ये त्याला घाम फुटला होता. सासरेही आले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. इस्त्रीचा शर्ट घालून, जुनं ओळखपत्र खिशात घेऊन. मुलानं सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न गाळता. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, दोघांना वेगवेगळं बसवून परत विचारलं. सासऱ्यांना ते फार लागलं. "मी लोकांना असंच वेगळं बसवायचो," ते परत येताना म्हणाले.

तिच्यावर काही शाबीत झालं नाही. पण तिला भावांच्या विभागातून काढून फाटक्या नोटांच्या विभागात पाठवलं. साहेब म्हणाले, ही शिक्षा नाही. शिक्षा असती तर निदान काय केलं म्हणून ते लिहिलं असतं, असं तिला वाटलं. नव्या विभागातल्या बायका तिच्याशी चांगल्या वागल्या, फक्त ती जवळ आली की त्यांचं बोलणं थांबायचं.

सासरे बागेत गेले आणि बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. अंदाज मुलाचे होते, सुनेनं तोंडही उघडलं नव्हतं. काकांनी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, आणि म्हणाल्या, "समजतं हो आम्हाला. सुनेची नोकरी वाचवायची म्हणून मुलानं अंगावर घेतलं. चांगला आहे मुलगा." सासऱ्यांनी शपथ घेतली तरी काही उपयोग झाला नाही. तिथेच त्यांनी विचारलं, बँकेत फोन कुणी केला? दोघांनीही नाही म्हटलं. काकांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, बाईंनी काकांकडे. त्यानंतर काका दुसऱ्या बाजूनं फिरायला लागले. फोन कुणाचा होता ते कधीच कळलं नाही.

ती घर सोडून गेली नाही. पण नवऱ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य उलटून बघायची. आज उशीर झाला, ट्रक आला होता, असं तो म्हणाला की खरंच ट्रक आला असेल का, असा विचार आधी यायचा. एकदा तर तिनं दुकानात फोन करून विचारलं. ट्रक आला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण पुढच्या वेळी तिनं परत विचारलं. त्याला ते कळलं होतं. त्यानं तक्रार केली नाही.

पाऊणएक वर्षानं भाव जरा निवळले. सरकारनं घरांची योजना अर्ध्यावर आणली, आणि मोठ्या बँकेच्या बैठकीची तारीख पुन्हा जवळ आली. एका सकाळी नवरा बाहेरच्या खोलीत वडिलांना सांगत होता आणि ती आतून ऐकत होती.

"मला वाटतं, यावेळी कमी होईल. बिल्डर परत चौकशी करायला लागलेत. पण माझं चुकूही शकतं."

"थोडेच घालू," सासरे म्हणाले.

ती बाहेर आली. "बागेत हे कुणाच्या नावावर जाणार?" तिनं विचारलं.

"त्याच्या," सासरे म्हणाले. "आणखी कुणाच्या?"

तिनं मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. बैठक झाली, व्याज पाव टक्क्यानं उतरलं, बांधकामाचे शेअर वर गेले. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती वाट वाकडी करून बागेत गेली. डॉक्टरीणबाई एकट्याच बाकावर बसल्या होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली.

"व्याज उतरणार हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं?" तिनं सरळच विचारलं.

बाई सावध झाल्या. "का हो? परत चौकशी आहे का?"

"नाही. मलाच जाणून घ्यायचंय."

"तुमचे सासरे म्हणत होते, मुलाला वाटतं म्हणून." बाईंनी हात उडवला. "मी नाही घातले पैसे. नळ विकणाऱ्याचं ऐकून कोण घालतं?"

तिला हसू फुटलं. आवरेना, इतकं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या, आणि मग, यात काहीतरी डाव असणार अशा चेहऱ्यानं, बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकल्या.

बससाठी निघताना तिला वाटलं, हे घरी जाऊन त्याला सांगावं. मग वाटलं, त्याला वाईट वाटेल. बस आली तरी तिचं काही ठरलं नव्हतं.